पोटाच्या डॉक्टरांचं मत विचारताना: आमच्या सर्व्हेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेले काही महिने आम्ही चार जण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोटाच्या डॉक्टरांकडे फॉर्म घेऊन फिरतोय. दवाखान्यात बाकावर बसलेले पेशंट विचारतात, रिसेप्शनवरच्या ताई विचारतात, खुद्द डॉक्टर विचारतात आणि घरी गेलं की घरचे पण विचारतात की हे नेमकं काय चाललंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली. काही उत्तरं लांबलीत, पण जिथे सांगण्यासारखं आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

नेमकं काय विचारता आणि कोणाला?

पोट, आतडी, लिव्हर, पित्ताशय यांचे आजार जे डॉक्टर बघतात त्यांना आम्ही विचारतो की अमुक तक्रारीचा पेशंट समोर आला तर तुम्ही काय करता. आधी कुठली तपासणी सांगता, औषध किती दिवस देता, दुर्बीण कधी टाकता आणि कधी नको म्हणता. बस. डॉक्टर हुशार आहे की नाही याची ही परीक्षा नाही आणि कुठल्या कंपनीची गोळी चांगली हे पण आम्ही विचारत नाही.

गाइडलाइन छापलेल्या आहेत की, मग मत कशाला विचारायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर मला माझ्या घरातून मिळालं. आमच्या नानांना पोटात उजव्या बाजूला खाली दुखायचं, संध्याकाळी कसर यायची, वजन उतरत चाललं होतं. दुर्बिणीत लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागी व्रण दिसले. एका डॉक्टरांनी सांगितलं आतड्याचा टीबी आहे, दुसऱ्यांनी सांगितलं क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार) वाटतोय, आणि आम्ही घरचे रिपोर्टची फाइल मांडीवर घेऊन एसटी स्टँडवर बसलो होतो की आता कोणाचं ऐकायचं. तेव्हा माझी समजूत अशी की दोघांपैकी एक जण नक्की चुकतोय नाहीतर फसवतोय.

तिसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हे दोन आजार दुर्बिणीत सारखे दिसू शकतात, जागा पण तीच, बायोप्सीत पण दर वेळी स्पष्ट उत्तर येत नाही, आणि उपचार मात्र एकदम उलटे. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, स्टेरॉइड वगैरे देतात, आणि तीच औषधं टीबीच्या पेशंटला दिली तर टीबी अंगभर भडकू शकतो. म्हणून आपल्याकडे, जिथे टीबी एवढा आहे तिथे, अशा अडलेल्या केसमध्ये बरेच स्पेशालिस्ट आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि २ महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून बघतात की व्रण भरले का. भरले तर टीबी धरून ६ महिन्यांचा कोर्स पूर्ण करायचा, नाही भरले तर पुन्हा विचार करायचा. नानांचे भरले.

युरोप-अमेरिकेत लिहिलेल्या गाइडलाइनला हा पेच आपल्याइतका पडत नाही, कारण त्यांच्याकडे टीबी कमी. म्हणजे कागदावरचं ज्ञान आणि आपल्या ओपीडीत बसलेला माणूस यांच्यात जी मोकळी जागा राहते ना, ती डॉक्टर स्वतःच्या अनुभवाने भरतो, आणि तो अनुभव कुठेच लिहिलेला नसतो, त्याच्या डोक्यात असतो. तो कागदावर यावा म्हणून हा सर्व्हे.

म्हणजे दहा डॉक्टर एकच बोलले की ते खरं, असं का?

नाही! आणि हे जरा ठासून सांगते कारण इथे लोक फार गल्लत करतात. मत वेगळं आणि पुरावा वेगळा.

अल्सरचंच घ्या. वर्षानुवर्षं जगभरचे डॉक्टर एकमताने म्हणायचे की पोटातला अल्सर टेन्शनने, तिखटाने आणि ॲसिडने होतो. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी १९८२ मध्ये एच. पायलोरी हा जंतू पोटातल्या नमुन्यातून वाढवून दाखवला, तरी लोक मानेनात, ॲसिडमध्ये जंतू जगेलच कसा म्हणून. शेवटी १९८४ मध्ये मार्शलने तो जंतू स्वतः प्यायला आणि स्वतःच्या पोटाला सूज आणून दाखवली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांच्या बैठकीने जंतू असलेल्या अल्सरला अँटिबायोटिक द्या असं सांगितलं ते १९९४ मध्ये, म्हणजे मधे १२ वर्षं गेली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता विचार करा, १९८३ साली असा सर्व्हे घेतला असता तर जवळपास सगळ्यांनी चुकीचंच उत्तर दिलं असतं आणि एकमताने दिलं असतं.

ओआरएसची गोष्ट पण तशीच. १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईत पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात घालून लोकांना पाजायला सुरुवात केली, आणि मृत्यूचं प्रमाण जे ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. तरी त्या काळी कितीतरी डॉक्टरांना नुसत्या पाण्यावर भरवसा ठेवणं जड गेलं. आणि आज २०२३ चं पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळून गेल्यावर सुद्धा मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेला, जुलाब सुरू झाले की आपले लोक दवाखान्यात शिरल्या शिरल्या काय म्हणतात, "साहेब, एक बाटली लावून द्या." पेशंटला तोंडाने पिता येत असेल, उलटी थांबलेली असेल तर ओआरएस पुरतं हे डॉक्टरला माहीत असतं. मग बाटली लागते का लागत नाही, आणि लागत असेल तर कोणाच्या आग्रहाने, हे आम्ही सर्व्हेत विचारतो. मताचा उपयोग हा आहे. खरं काय हे त्यातून कळत नाही, प्रत्यक्षात काय चाललंय आणि का चाललंय हे कळतं.

स्पेशालिस्ट कोणाला धरता?

कागदावर सोपं आहे, एमबीबीएस, मग ३ वर्षं एमडी, मग ३ वर्षं डीएम गॅस्ट्रोएंटरोलॉजी, तो पोटाचा स्पेशालिस्ट. पण खान्देशात फिरायला लागलं की ही व्याख्या तोकडी पडते. अक्कलकुवा, धडगावचा पेशंट डीएमपर्यंत पोचेपर्यंत नंदुरबारला एक, धुळ्याला एक असे दोन-तीन दवाखाने करून आलेला असतो. तालुक्याच्या गावी दुर्बीण टाकणारे एमडी मेडिसिनवाले असतात, अपेंडिक्स आणि पित्ताचे खडे बघणारे जनरल सर्जन असतात, लहान मुलांचे जुलाब बालरोगतज्ज्ञ बघतात. म्हणून आम्ही तीन याद्या ठेवल्यात: डीएम झालेले, पोटाचे पेशंट नियमित बघणारे एमडी, आणि सर्जन. उत्तरं एकत्र कालवत नाही, तिन्हींची वेगवेगळी मांडतो. सर्जन आणि फिजिशियन एकाच खड्याकडे दोन नजरांनी बघतात आणि ती नजरच आम्हाला हवी असते, सरासरी काढली की ती गेली.

प्रश्न कसे बनवता? होय-नाहीचे सोपे प्रश्न का नाही देत?

सुरुवातीला तेच दिले होते आणि फसलो. पहिल्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, "अल्सरच्या प्रत्येक पेशंटची तुम्ही एच. पायलोरी तपासणी करता का?" ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी होय वर टिक केली. आम्ही खुश. मग एका सरांकडे फॉर्म भरून झाल्यावर चहा आला, ओपीडी संपली होती, बाहेर कंपाउंडर शटर अर्धं ओढत होता, आणि मी सहज म्हटलं की सर, शेवटचा अल्सरचा पेशंट आला होता तेव्हा काय केलंत. ते थोडे थांबले. पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, "तो चोपड्याकडचा शेतमजूर होता, तपासणीचे पैसे नव्हते त्याच्याकडे, मी सरळ औषध लिहून दिलं." आणि मग स्वतःच फॉर्म परत मागून घेतला आणि होय खोडलं.

ते सर खोटं बोलले नव्हते. प्रश्नच आम्ही असा विचारला होता की माणूस काय करायला पाहिजे ते सांगणार, काय करतो ते नाही. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळा फॉर्म नव्याने लिहायला घेतला.

आता प्रश्न असे असतात: "४२ वर्षांचा माणूस, केळीच्या बागेत कामाला, ३ महिन्यांपासून जेवणानंतर पोटात जळजळ, वजन कमी नाही, रक्त नाही, दुकानातून गॅसची गोळी घेऊन दोन दिवस बरं वाटतं मग पुन्हा तेच. तुम्ही आज काय कराल?" खाली पर्याय पण असतात आणि मोकळी जागा पण असते. मग तोच पेशंट पुढच्या पानावर थोडा बदलतो, वय ५८ होतं किंवा हिमोग्लोबिन ८ येतं, आणि पुन्हा विचारतो आता काय कराल. कुठे डॉक्टरचा हात दुर्बिणीकडे जातो ते अशा वेळी दिसतं. आणि एक प्रश्न हमखास, "अशा तक्रारीचा तुमचा शेवटचा पेशंट आठवा, त्याला प्रत्यक्षात काय दिलं?"

अजून एक गोष्ट आम्ही इथे फिरून शिकलो, पेशंटची तक्रार त्याच्याच बोलीत लिहायची. "ॲसिडिटी" लिहिलं की डॉक्टर एका वाटेने जातो, आणि "पोटमा आग पडस, गॅस डोकामा चढस" असं लिहिलं की डॉक्टर हसतो, खुर्ची पुढे ओढतो आणि खरंखुरं उत्तर देतो, कारण रोज हेच ऐकतो तो. सातपुड्याकडच्या डॉक्टरांसाठी भिली, पावरी बोलणाऱ्या माणसांकडून विचारून घेतो की पोटदुखी तिथे कशी सांगतात.

डेल्फी, डेल्फी म्हणता ते काय आहे?

हे सर्व्हेचंच पुढचं पाऊल. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत ही पद्धत निघाली. तज्ज्ञांना एका खोलीत बसवलं की जो सगळ्यात सीनियर असतो त्याच्या मागे बाकीचे मान डोलावतात, हे जगात सगळीकडे सारखंच आहे. म्हणून डेल्फीत कोणी कोणाला दिसत नाही. प्रत्येकाने आपापलं मत लिहून द्यायचं, मग सगळ्यांची उत्तरं नावाशिवाय गोळा करून परत सगळ्यांना दाखवायची, आता हे बघून तुमचं मत बदलतं का म्हणून दुसरी फेरी, गरज पडली तर तिसरी.

पोटाच्या आजारांत याचं ताजं उदाहरण म्हणजे फॅटी लिव्हरचं नाव. जुन्या इंग्रजी नावात "नॉन-अल्कोहोलिक" आणि "फॅटी" असे दोन शब्द होते, म्हणजे दारू न पिणाऱ्याला पण दारूच्या तराजूत तोलायचं आणि वर जाडा म्हणायचं. ५६ देशांतल्या २३६ जणांचं पॅनल, ऑनलाइन ४ फेऱ्या, आणि २०२३ मध्ये नवं नाव आलं, एमएएसएलडी, म्हणजे चयापचय बिघडल्यामुळे लिव्हरमध्ये चरबी साठण्याचा आजार. दोन तृतीयांश मतं मिळाली तरच मान्य असं आधीच ठरलं होतं. हे "आधीच" महत्त्वाचं आहे, उत्तरं हातात आल्यावर पासिंगचे मार्क ठरवले तर कोणीही पास होईल.

आम्ही ९ अंकांची पट्टी वापरतो, १ ते ३ म्हणजे हा उपचार योग्य नाही, ४ ते ६ म्हणजे नक्की सांगता येत नाही, ७ ते ९ म्हणजे योग्य. ही पण रँडवाल्यांचीच पद्धत. मला स्वतःला मधला ४ ते ६ चा पट्टा सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे प्रामाणिक माणूस बसलेला असतो.

डॉक्टरांची मतं सगळ्यात जास्त कुठे फाटतात?

टीबी आणि क्रोन्सचं वर सांगितलंच. बाकी जिथे जिथे आम्हाला वेगवेगळी उत्तरं ऐकायला मिळाली त्यातलं मुख्य हे.

गॅसची गोळी किती दिवस. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे. अन्ननलिकेला जखम असेल तर साधारण ८ आठवडे हे बहुतेकांना मान्य, पण पुढे काय? काही डॉक्टर म्हणतात हळूहळू सोडवा, काही म्हणतात सोडली की पेशंट आठवड्याने परत येतो जळजळ घेऊन आणि मग दुकानातून स्वतःच घ्यायला लागतो त्यापेक्षा मी दिलेली बरी. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. सांधेदुखीची गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ही गोळी पोट सांभाळायला लागतेच, तिथे वाद नाही. वाद आहे तो तिच्यात डॉमपेरिडॉन (उलटी-मळमळीचं औषध) मिसळून सरसकट लिहिण्यावर, कारण डॉमपेरिडॉनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपात २०१४ पासून ते कमी डोसमध्ये आणि थोडेच दिवस द्या असं बंधन आहे. आणि एक साधी गोष्ट, ही गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, जेवणानंतर घेतली की उपयोग कमी होतो. हे पेशंटला सांगितलं जातं का असं विचारलं तर डॉक्टर म्हणतात सांगतो, आणि बाहेर बाकावर बसलेले काका म्हणतात मी तर रात्री जेवून घेतो.

पित्ताशयातला खडा. सोनोग्राफी दुसऱ्याच कारणाने केली आणि खडा सापडला, त्रास काहीच नाही. अशा बहुतेक लोकांना आयुष्यभर त्रास होत नाही म्हणून ऑपरेशन नको असं पुस्तक सांगतं. पण सर्जन मंडळी म्हणतात, उत्तर भारतात गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर जास्त आहे, खडा मोठा असेल, ३ सेंटिमीटरच्या वर, तर थांबू नका. आणि तालुक्याचा सर्जन अजून एक मुद्दा मांडतो जो पुस्तकात नाही: रात्री २ वाजता दूरच्या पाड्यावरून कळ घेऊन निघालेला पेशंट माझ्यापर्यंत पोचेल का? हा मुद्दा खोडायचा की मांडायचा यावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली, आम्ही मांडायचं ठरवलं.

आयबीएस, म्हणजे आतडी दिसायला चांगली, रिपोर्ट नॉर्मल, पण पोट बिघडलेलंच. २०१६ च्या रोम निकषांप्रमाणे (आयबीएस ठरवायच्या आंतरराष्ट्रीय कसोट्या) गेले ३ महिने आठवड्यातून किमान १ दिवस पोटात दुखणं, आणि ते शौचाशी जोडलेलं असणं, शौचाला जाण्याचं प्रमाण बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं या तीनपैकी किमान दोन गोष्टी, आणि सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची. पण आपल्याकडचा पेशंट "दुखतं" म्हणतच नाही, तो म्हणतो पोट साफ होत नाही, फुगतं, गच्च वाटतं. मग निकषात बसतो का नाही? इथे डॉक्टरांची मतं फार वेगळी पडतात, आणि कोण किती वेळ बोलून समजावतो आणि कोण सरळ तपासण्यांची यादी देतो हे पण.

तिखट, शेवभाजी, भरीत बंद करायला सांगतात का सगळे?

नाही सांगत. खूप लोकांना वाटतं की पोटाचा डॉक्टर म्हणजे पहिलं वाक्य "तिखट बंद". तिखटाने अल्सर होत नाही, अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे एच. पायलोरी आणि पेनकिलर. पण ज्याला आधीच जळजळ आहे त्याला तर्रीवाली शेवभाजी खाल्ल्यावर त्रास वाढतो हे पण खरं, आणि रात्री १० ला पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी दाबून खाऊन लगेच आडवं झालं तर ॲसिड वर येणारच. एका मॅडमचं म्हणणं मला पटलं, त्या म्हणाल्या की मी पदार्थ बंद करत नाही, वेळ बदलते, झोपायच्या ३ तास आधी जेवा म्हणते, लोक ते पाळतात, भरीत सोडा म्हटलं तर कोणी पाळत नाही. कळण्याच्या (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) भाकरीबद्दल पण विचारतात. गव्हाचा त्रास, म्हणजे सिलिॲक, असणाऱ्यांना आपली ज्वारी-बाजरी वरदानच आहे, त्यात ग्लुटेन, म्हणजे त्रास देणारं गव्हातलं प्रथिन, नाही. फक्त दळताना त्याच चक्कीत आधी गहू दळलेला नसावा.

किती डॉक्टर झाले की पुरे?

मोठ्या गटातून यादृच्छिक निवडलेल्या १०० जणांना विचारलं तर चुकीला साधारण १० टक्के इकडे तिकडे जागा राहते, ४०० ना विचारलं तर ५ टक्के. पण आपल्याकडे डीएम झालेले डॉक्टरच मुळात मोजके, तिथे ही गणितं लावून "६२ टक्के डॉक्टरांचं मत" असं छापणं म्हणजे लोकांची दिशाभूल आहे. तिथे आम्ही टक्के लिहीतच नाही, "इतक्यांपैकी इतके" असं सरळ लिहितो.

फॉर्मला किती वेळ लागतो, आणि केव्हा येता?

२० मिनिटं. ओपीडीच्या वेळात येत नाही, पेशंट ताटकळत ठेवून भरलेला फॉर्म आम्हाला नको. रविवार सकाळ किंवा रात्री ओपीडी संपल्यावर. फोनवर पण चालतं.

पैसे कोण देतं? कुठल्या औषध कंपनीचा हात आहे का?

कोणाचाच नाही, आणि डॉक्टरांना आम्ही मानधन, भेटवस्तू काहीच देत नाही. हा संशय येतो तो बरोबरच आहे, कारण सर्व्हेच्या नावाखाली औषध खपवायचे प्रकार जगभर झालेत, फॉर्म भरा आणि त्याच औषधाचे १० पेशंट नोंदवा अशा पद्धतीचे. आपल्याकडे डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी घेऊ नयेत हा नियम २००९ पासून आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने कंपन्यांसाठी पण मार्केटिंगची आचारसंहिता काढली, त्यात भेटवस्तू, सहली, हॉटेल यांवर बंधनं आहेत. आमच्या फॉर्मवर एकही ब्रँडचं नाव नाही, सगळी औषधं मूळ नावाने. कोणी सर्व्हे म्हणून आला आणि फॉर्मवर ब्रँड दिसला तर भरू नका, मग तो आमच्यापैकी आहे असं सांगो की अजून कोणाचं.

डॉक्टरांचं नाव बाहेर जातं का?

फॉर्मवर नाव लिहायला जागाच नाही, नंबर असतो. पण नुसतं नाव काढून भागत नाही हे आम्हाला एका डॉक्टरांनीच दाखवून दिलं. आमच्या कच्च्या तक्त्यात होतं: "नंदुरबार जिल्हा, डीएम, महिला, १० ते १५ वर्षं अनुभव." ते म्हणाले, ताई, नाव लिहिलं असतं तरी चाललं असतं, अशी व्यक्ती शोधायला मला फोन पण करावा लागणार नाही. बरोबर होतं त्यांचं. आता तालुका तर सोडाच, जिल्हा पण तोडून दाखवत नाही, खान्देश म्हणून एकत्र, आणि ज्या खान्यात ५ पेक्षा कमी माणसं येतात तो खाना दुसऱ्यात मिसळतो.

मी पेशंट आहे, तुमचे निकाल बघून गोळी बदलू का?

कृपा करून नको. आम्ही सांगतोय ते डॉक्टर काय करतात हे, तुमच्या पोटात काय आहे हे आम्हाला दिसत नाही. आणि काही लक्षणं अशी आहेत की त्यात कुठलाच डॉक्टर दुसरं मत देत नाही, सगळे म्हणतात लगेच या: काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, काही न करता वजन उतरणं, कावीळ, पोट दगडासारखं कडक होणं, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणं. शौचातून रक्त गेलं की मूळव्याधच असेल म्हणून गावठी औषध घेत सहा-सहा महिने काढणारे लोक मी बाकावर बसलेले बघितलेत, त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटतं.

दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर काय करायचं?

आधी कोणी फसवलं असं धरून चालू नका. दुसऱ्याकडे जाताना पहिल्याचे सगळे कागद न्या, लपवू नका. आमच्याकडे लोकांना वाटतं पहिल्या डॉक्टरचा कागद दाखवला की दुसरा चिडेल, म्हणून पुन्हा सगळ्या तपासण्या, पुन्हा खर्च. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (काचेवरचा नमुना आणि मेणात बसवलेला तुकडा) मागितले तर मिळतात, दुसरीकडे परत वाचून घेता येतात. आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारा: "साहेब, तुमचं निदान चुकलं असेल तर ते आपल्याला किती दिवसांत आणि कशावरून कळेल?" नानांच्या वेळी तिसऱ्या डॉक्टरांनी हे न विचारता सांगितलं होतं, २ महिने आणि दुर्बीण, आणि त्या एका वाक्याने आम्ही घरचे शांत झालो.

आयुर्वेदिक डॉक्टरांना का नाही विचारत?

विचारायचं आहे, वेगळा फॉर्म करून. ग्रहणी, अम्लपित्त, अजीर्ण यांची मांडणीच वेगळी आहे, ॲलोपॅथीच्या फॉर्मवर त्यांना टिक करायला लावणं त्यांच्यावर अन्याय होईल.

आम्ही मेडिकलचे विद्यार्थी आहोत, असा सर्व्हे करायचा तर कुठून सुरुवात करू?

कॉलेजच्या एथिक्स कमिटीपासून. नुसती प्रश्नावली आहे, त्यात काय एवढं, असं म्हणून टाळू नका, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सूट द्यायची का नाही हे कमिटी ठरवते, तुम्ही नाही. मग फॉर्म ५-६ डॉक्टरांवर आधी चालवून बघा, आणि भरताना त्यांच्या शेजारी बसा, कुठे पेन थांबतं ते बघा, तिथे तुमचा प्रश्न चुकलाय. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून दोनशे उत्तरं आली म्हणून हुरळू नका, ग्रुपमध्ये किती जण होते आणि कोणी भरलं नाही हे कळल्याशिवाय त्या दोनशेला अर्थ नाही. आणि एका फॉर्ममध्ये पंधराच्या वर प्रश्न नको.

जे डॉक्टर भरतच नाहीत त्यांचं काय?

हीच आमची सगळ्यात मोठी काळजी आहे. ज्यांना विषयात रस आहे, जे वाचतात, कॉन्फरन्सला जातात ते पटकन भरतात, आणि ज्यांच्या ओपीडीत रोज शंभर पेशंट आहेत ते भरत नाहीत, म्हणजे खान्देशातली सगळ्यात जास्त पोटं जे बघतात तेच आमच्या कागदावर नाहीत. म्हणून नकार आला तरी आम्ही तीनदा जातो, रागावत नाही, आणि तिसऱ्या वेळी फॉर्म बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारतो, शेवटच्या पेशंटचा. मागच्या आठवड्यात अमळनेरला असेच एक सर होते, दोनदा हात जोडून नाही म्हणाले होते. तिसऱ्यांदा ते गाडी काढत होते, मी फाटकाजवळ उभी राहून तेवढंच विचारलं. त्यांनी गाडी बंद केली आणि तिथेच उभं राहून पाऊण तास बोलले, एका मुलीच्या आतड्याच्या टीबीबद्दल, जी त्यांना उशिरा कळली होती. ते सगळं मी घरी येऊन लिहून काढलं, त्यांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी दोन जागी दुरुस्त्या सांगितल्या आणि म्हणाले आता याला नंबर द्या.